उत्तरेचं ऊन आणि रेंडरचं सॉफ्टवेअर

डिझाइनचं सबमिशन तीन-चार आठवड्यांवर आलं की आम्हा दोघांना दर वर्षी एकच प्रश्न येतो. "सर, रेंडर कशात करू?" कुणी जिन्यात थांबवून विचारतं, कुणी रात्री अकराला मेसेज करतं. आम्ही इतकी वर्षं याचं उत्तर एका वाक्यात देऊन पुढे जात होतो. तुझ्या लॅपटॉपवर जे चालेल त्यात कर. आज कबूल करायचं तर ते उत्तर आळशीपणाचं होतं. त्या आळशीपणाची किंमत एका विद्यार्थिनीने मोजली, तिचं काम मधल्या भागात दाखवणार आहोत.

आज सॉफ्टवेअरांची जाहिरात नाही आणि तुलनेचा तक्ताही नाही. आम्ही चित्रांवर बोलणार आहोत. नाटकाची समीक्षा होते, सिनेमाची होते, तशी रेंडरची का होत नाही? ज्युरीत आपण प्लॅनवर तासभर भांडतो. रेंडर आलं की "छान आलंय हं" म्हणून पुढचं शीट मागतो. त्या चित्रात ऊन कुठून येतंय, ते तिथून येऊ शकतं का, खोलीच्या मागच्या भिंतीपाशी इतका उजेड कसा, हे कुणी विचारत नाही.

पडद्यावर तीन चित्रं आहेत. तिन्ही तिसऱ्या वर्षाच्या एकाच प्रोजेक्टमधली. विषय वाचनालय, साइट पुण्यातली, कार्यक्रम सगळ्यांना तोच आणि वाचनकक्षही साधारण सारख्याच आकाराचा. तिघांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. तिघांची परवानगी घेतली आहे, नावं सांगणार नाही.

पहिलं चित्र बघा. लुमियनमध्ये केलेलं आहे, हे तुमच्यापैकी निम्म्यांनी पाहताक्षणी ओळखलं असेल. संध्याकाळचं सोनेरी ऊन, ओली फरशी, फरशीत उतरलेलं आकाश, डाव्या कडेला पांढऱ्या खोडाचं बर्चचं झाड, आणि ओव्हरकोट घातलेला एक गृहस्थ. पुण्यात ओव्हरकोट! (हशा) तुम्ही हसलात, पण त्या दिवशी ज्युरीत कुणीही हसलं नव्हतं. आम्हीही नाही. आम्हाला ते चित्र आवडलं होतं.

झाड आणि गृहस्थ सोडून देऊ, त्यांच्यावर हसणं सोपं आहे. खरी गडबड उन्हात आहे. समोरची मोठी काच उत्तरेला आहे, प्लॅनवर बाण आहे. उन्हाचा पट्टा त्या काचेतून सरळ आत येऊन टेबलांवर पडलाय. सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा-बारा अंश वर असावा. म्हणजे सूर्य ऐन उत्तरेला आणि खाली टेकलेला. असा सूर्य पुण्यात वर्षातल्या कुठल्याही दिवशी, कुठल्याही तासाला दिसत नाही. विद्यार्थ्याने मुद्दाम केलं असं नाही. त्याने ऊन सरकवण्याची पट्टी धरली, चित्र सुंदर दिसेपर्यंत फिरवली आणि सोडून दिली. सॉफ्टवेअरने त्याला हवं ते दिलं.

इथे थोडं थांबू, कारण उत्तरेच्या उन्हाबद्दल आपल्या डोक्यात दोन चुका एकाच वेळी बसलेल्या आहेत. एक ही, की रेंडरमध्ये ते कसंही आणता येतं. दुसरी उलटी, की उत्तरेकडून ऊन येतच नाही, म्हणून तिकडे बिनधास्त काच लावा. ही दुसरी समजूत युरोपातल्या पुस्तकांतून आली आणि तिथल्या अक्षांशांवर ती बरीचशी खरीही आहे. पुणे मात्र १८.५ अंशांवर आहे. मे महिन्यात १३ तारखेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो, शाळांतली मुलं काठ्या उभ्या करून बघतात. त्या दिवसानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. २१ जूनला साधारण ५ अंश उत्तरेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मे महिन्यात संध्याकाळी पाचला सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला असतो आणि उत्तरेच्या काचेतून तिरकं, जवळजवळ काचेला घासून ऊन आत येतं. पाऊस सुरू व्हायच्या आधीचं ऊन, वर्षातलं सगळ्यात वाईट. म्हणजे या मुलाच्या काचेला उभ्या पडद्या लागणार होत्या. त्याच्या चित्राने त्याला कधीही न येणारं ऊन दाखवलं आणि जे येणार होतं ते लपवलं.

हा दोष लुमियनचा का? पूर्ण नाही. त्यात उत्तर दिशा, जागा, तारीख, वेळ देऊन सूर्य बसवायची सोय आहे. पण ती आडबाजूला आहे आणि पट्टी समोर आहे. सॉफ्टवेअरवर टीका करायची ती इथे. त्यात काय करता येतं यापेक्षा ते न सांगता काय करतं, हे बघायला हवं.

याचं सगळ्यात मजेदार उदाहरण स्केचअपचं. तुमच्यापैकी बहुतेक सगळे मॉडेल त्यातच करता. स्केचअप २००० साली आलं ते अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावच्या कंपनीकडून. २००६ मध्ये ते गूगलने घेतलं, २०१२ मध्ये ट्रिंबलकडे गेलं. मालक बदलले, पण नवी फाइल उघडून तुम्ही जागा निवडली नाहीत तर साइट वर्षानुवर्षं बोल्डरच. अक्षांश ४०. तिथे २१ डिसेंबरला दुपारचा सूर्य २६-२७ अंशांवर असतो, पुण्यात ४८ वर. तिथे २१ जूनलाही तो दक्षिणेलाच असतो, पुण्यात उत्तरेला गेलेला. छज्जा किती बाहेर काढायचा हे सावली बघून ठरवणारा मुलगा बोल्डरचा छज्जा काढत असतो. आम्ही एका वर्षी वर्गातल्या फाइल उघडून पाहिल्या. जागा बदललेली एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं. आणि खरं सांगायचं तर, त्याआधी आम्ही कुणालाही ते बदलायला सांगितलंच नव्हतं.

आता दुसरं चित्र. हे ब्लेंडरमधलं, सायकल्स हे रेंडर इंजिन वापरून केलेलं. दाणेदार आहे. काही ठिकाणी लोणी फासल्यासारखं पुसट. ही ती विद्यार्थिनी.

तिच्याकडे ८ जीबीचा लॅपटॉप होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. सायकल्स प्रकाशाचा माग काढतं. कॅमेऱ्यातून किरण निघतो, भिंतीवर आपटतो, तिथून छतावर, छतावरून जमिनीवर, जमलं तर खिडकीतून आकाशात. प्रत्येक ठिपक्यासाठी असे शेकडो किरण सोडायचे आणि सरासरी काढायची. ही कल्पना जेम्स काजिया यांच्या १९८६ च्या निबंधातली. त्याआधी १९८४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात भिंतीवरून भिंतीवर उसळणाऱ्या प्रकाशाचं गणित वेगळ्या पद्धतीने मांडलं गेलं होतं. लाल भिंतीशेजारची पांढरी भिंत जराशी गुलाबी का दिसते, याचं ते गणित. याची किंमत वेळात मोजावी लागते. किरण चौपट केले तर दाणे निम्मे होतात. आणखी निम्मे हवेत तर पुन्हा चौपट. तिने ६४ किरणांवर रेंडर लावला आणि झोपली. पहाटे वीज गेली. दुसऱ्या रात्री पुन्हा. शेवटी दाणे घालवायचं फिल्टर चालवलं. त्या फिल्टरला भिंत कळते, सपाट छत कळतं, पण पुस्तकांच्या पाठी आणि जाळीची नक्षी आणि दाणे यांतला फरक कमी किरणांत कळत नाही. जाळी वितळली. तिचा सगळा प्रोजेक्ट त्या जाळीवर उभा होता.

आणखी एक घोटाळा तिने निस्तरला होता, तो आम्हाला नंतर कळला. कॅडमधलं मॉडेल मिलिमीटरमध्ये होतं. ब्लेंडरमध्ये आणताना प्रत्येक मिलिमीटर मीटर झाला. पाच मीटरची खोली पाच किलोमीटरची. दिसायला तशीच, कारण कॅमेराही तेवढाच लांब. पण आत लावलेले दिवे खऱ्या वॉटचे, आणि प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, त्यामुळे खोलीत काळोख. दोन दिवस ती दिव्यांचे वॉट वाढवत बसली. मग कुणीतरी माप बघ म्हणालं. "मॅम, मला वाटलं माझंच डिझाइन अंधारं आहे," असं ती सांगत होती.

आता जे चित्रात नीट बघायला हवं होतं ते बघा. तिने पुण्याचे अक्षांश-रेखांश घालून सूर्य बसवला होता. ब्लेंडरमध्ये त्यासाठी अॅड-ऑन मिळतं. वेळ मार्चमधली सकाळी दहाची. खिडकीजवळची दोन टेबलं उजळ, तिसरं बेताचं आणि मागची रांग काळसर. तिने दिवाही लावला नाही, एक्स्पोजरही वाढवलं नाही. शीटवर मागच्या रांगेशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: इथे दिवसा दिवा लागेल, म्हणून कपाटं मागे, टेबलं पुढे. आणि प्लॅनमध्ये खरंच कपाटं मागे सरकवलेली होती. रेंडर बघून तिने प्लॅन बदलला होता. आम्हाला रेंडरकडून दुसरं काय हवं असतं?

पहिल्या चित्रात हीच मागची रांग कशी आहे? लख्ख. खोली १४ मीटर खोल, खिडकी एकाच बाजूला. खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन-अडीच पट आतपर्यंत दिवसाचा कामापुरता उजेड पोचतो, हा आपला जुना आडाखा. माथा तीन मीटरवर धरला तर सहा-साडेसात मीटर. पुढची साडेसहा-आठ मीटर अंधारी असायला हवीत. पण चित्रात कॅमेऱ्याचं एक्स्पोजर आपोआप वाढलेलं, वर आकाशाची सरसकट भर. आपला मोबाइल अंधाऱ्या खोलीत फोटो उजळ करतो तेच. ज्युरीत आम्ही विचारलं होतं, मागे उजेड पोचेल का? मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, रेंडरमध्ये तर दिसतोय ना." तो आम्हाला फसवत नव्हता. तो स्वतः फसला होता, आणि हे जास्त वाईट आहे. आणि आम्ही मान डोलावली.

गुण कसे पडले ते सांगतो. सादरीकरणाच्या रकान्यात पहिल्याला जास्त, दुसरीला बरेच कमी. शेरा होता "इमेज क्वालिटी सुधारावी". अक्षर आमचंच आहे.

तिसरं चित्र पटकन बघू. याला रेंडर म्हणायचं की नाही यावर आमच्या दोघांतच वाद आहे. स्केचअपमधून फक्त रेषा आणि सावल्या काढल्या, जागा पुणे, दिवस तीन, वेळा चार, असे बारा लहान चौकोन. छापून वरून रंगीत पेन्सिल. संगणकाला काही सेकंद लागले असतील. मे महिन्यातलं संध्याकाळचं ते तिरकं ऊन या बारा चौकोनांतल्या एकात स्वच्छ दिसतं, आणि त्या मुलाने उत्तरेला पडद्या दिल्या होत्या. पण हाताने केलंय म्हणून ते जास्त खरं, असा भाबडेपणा नको. या सावल्यांना उसळणारा प्रकाश माहीत नाही. ऊन आहे किंवा नाही, एवढंच त्यांना कळतं. मागची रांग अंधारी असेल की नाही हे तिसऱ्या चित्रातून कधीच कळलं नसतं, आणि त्याच्या वाचनकक्षात ती अंधारीच होती.

म्हणजे "कशात करू" याआधी "कशासाठी करू" आलं. तुम्ही म्हणाल, हे तर सगळेच शिक्षक म्हणतात, नाव सांगा. सांगतो.

मॉडेल अजून बदलतंय, ऊन-सावलीच बघायची आहे, तर स्केचअपच्या सावल्या पुरे, फक्त आधी बोल्डर सोडून आपल्या गावी या. खोलीच्या आतल्या उजेडावर डिझाइन उभं असेल तर सायकल्ससारखं किरणांचा माग काढणारं इंजिन. व्ही-रेही त्याच जातीचं, बल्गेरियात सुरू झालेल्या कंपनीचं, स्केचअपच्या आतच चालतं आणि ऑफिसांत चालतं म्हणून नोकरीच्या दृष्टीने शिकलेलं वाईट नाही. पण पैसे पडतात. उजेडाचा आकडाच हवा असेल, टेबलावर किती लक्स असा, तर यातलं काहीच नको. त्यासाठी रेडियन्स आहे, अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी केलेलं, फुकट. त्याचं चित्र गोंडस येत नाही, कुणी त्यावर "छान आलंय" म्हणणार नाही. इमारतीतून चालत जाताना काय काय दिसतं हे दाखवायचं असेल, अंगण मग पायऱ्या मग ओटा, तर लुमियन किंवा ट्विनमोशन. ही खेळांच्या तंत्रातून आलेली, ट्विनमोशन तर अनरिअल या खेळांच्याच इंजिनवर चालतं. झटपट चित्र देण्यासाठी प्रकाशाच्या बाबतीत ती बऱ्याच तडजोडी करत आली आहेत. जे कॅमेऱ्यासमोर नाही ते प्रतिबिंबातही नाही, हा त्यांचा जुना दोष. आता किरणांचा माग काढायची सोय त्यांतही आली, पण त्यासाठी महागडं कार्ड लागतं.

कार्डाचा विषय निघालाच आहे तर बोलू. वर्गात कार्ड असलेले लॅपटॉप किती असतात? ज्याच्याकडे नाही तो मित्राचा मागतो, नाहीतर बाहेर पैसे देऊन रेंडर करून आणतो. प्रत्येक व्ह्यूचा दर असतो, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. नाहीतर क्रॅक टाकतो. क्रॅकबद्दल आम्ही वर्गात डोळेझाक करतो, हे बरोबर नाही आणि ते आम्ही थांबवायला हवं होतं. विद्यार्थ्यांचे मोफत परवाने मिळतात, जरूर घ्या, पण त्याची मुदत बघा. शिक्षण संपलं की परवाना संपतो आणि स्वतःचीच फाइल उघडत नाही, असे माजी विद्यार्थी आमच्याकडे येतात.

ब्लेंडरकडे आमचा कल आहे तो काही अंशी यामुळे. ते नेदरलँड्समधल्या एका स्टुडिओचं घरगुती हत्यार होतं. पुढे त्याची कंपनी २००२ मध्ये बुडाली, सॉफ्टवेअर गुंतवणूकदारांच्या हाती अडकलं, तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी वापरणाऱ्यांना हाक दिली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ऑक्टोबर २००२ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यामुळे वीस वर्षांनीही फाइल उघडायचा हक्क कुणी काढून घेणार नाही. पण कल आहे म्हणून दोष झाकणार नाही. ब्लेंडर आर्किटेक्टसाठी बनलेलं नाही. मापं देऊन काम करणाऱ्या माणसाला पहिला आठवडा रडू येतं. सबमिशनच्या दहा दिवस आधी ते शिकायला घेतलंत तर आम्ही तुम्हाला थांबवू. तीन आठवडे तरी हवेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्याचे धडे आहेत, तिथून सुरुवात करा.

निवड करायच्या आधी दोन तासांची परीक्षा घ्या. सगळी इमारत नेऊ नका. तुमच्या प्रोजेक्टमधली सगळ्यात अवघड एक खोली घ्या, सामान काढा, सगळ्याला एकच राखाडी रंग द्या. माप तपासा, दरवाजा दोन-सव्वादोन मीटरच आहे ना. उत्तर बसवा, पुणे घाला, एक मेमधली आणि एक डिसेंबरमधली वेळ घ्या. एक्स्पोजर हाताने ठेवा आणि दोन्हींना तेच ठेवा. मग बघा तुमच्या यंत्राला किती वेळ लागतो. त्याला अंतिम शीटवरच्या व्ह्यूंच्या संख्येने गुणा, वर एक रात्र वीज जाईल असं धरा. जमत नसेल तर व्ह्यू कमी करा. आठ चकचकीत व्ह्यूंपेक्षा खरा उजेड दाखवणारा एक आम्हाला चालेल. चालेल म्हणजे आता चालेल. पूर्वी चालला नव्हता.

यापुढे आमच्या ज्युरीत प्रत्येक रेंडरखाली तीन गोष्टी लिहाव्या लागतील: उत्तर कुठे, तारीख कोणती, वाजले किती. लिहिलेलं नसेल तर त्या चित्राला सादरीकरणाचे गुण नाहीत. पहिल्या वर्षी हे सांगितलं तेव्हा एकाने सगळ्या चित्रांखाली "सायंकाळ" असं लिहून आणलं होतं. (हशा) दुसरा नियम आमच्यासाठी आहे. कुठल्या यंत्रावर, बाहेरून करून घेतलं का, हे विद्यार्थ्याने शीटच्या मागे लिहायचं आणि आम्ही ते गुण देण्याआधी वाचायचं. बाहेरून करून घेतलं म्हणून गुण कापायचे का, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. एकाचं म्हणणं, कापायचे. दुसऱ्याचं म्हणणं, मोठ्या ऑफिसांत सगळे बाहेरूनच करून घेतात, मग मुलांनाच का शिक्षा? यावर तुमचं ऐकायला आवडेल.

त्या विद्यार्थिनीचे गुण बदलता आले नाहीत, निकाल लागून गेला होता. तिला भेटून आम्ही हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, जाळी पुन्हा रेंडर करून बघितली, पाचशे किरणांवर, लॅबच्या मशीनवर, नीट आली. ते चित्र आज आणायचं होतं, पण तिने दिलं नाही. अजून कपाटं हलवायची आहेत म्हणे.

पहिलं चित्र परत पडद्यावर लावा जरा. आता प्रश्न घेऊ.